बाहेरच्या कारभाराची आई : लागोस ते बदाग्री, सहा दिवस

पहिला दिवस, सोमवार. लागोस

नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या भाषेत सोमवारला 'ओजो अजे' म्हणतात. अजे ही धनाची, व्यापाराची देवता आणि सोमवार हा तिचा वार. सकाळी बालोगुन बाजारात बायका फळ्या उघडून गठ्ठे सोडत होत्या. त्यांच्यासमोरून जाताना माझ्या सोबतीच्या इया इबेजी प्रत्येकीला म्हणत होत्या, "अजे आ वो इग्बा ओ." अजे तुझ्या इग्ब्यात येवो. इग्बा म्हणजे वाळक्या भोपळ्याचं भांडं. पूर्वी बाजारात माल त्यात मांडत. समोरून "आमीन" येई आणि मगच भावाची गोष्ट निघे.

मला बार्शीची आजी आठवली. पहिलं गिऱ्हाईक झालं की ती नाणं कपाळाला लावायची आणि म्हणायची, "भवानी झाली." तिच्या गल्ल्यात तुळजापूरहून आणलेली एक कवडी असे. ती कवडी आता माझ्याकडे आहे, आणि या प्रवासातही पर्समध्ये होती.

मी पुण्यात निळीच्या कापडाचा छोटा व्यवसाय करते. मावसबहीण अकरा वर्षं लागोसच्या इकेजा भागात राहते. तिच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका म्हणजे इया इबेजी. हे त्यांचं नाव नाही. इया इबेजी म्हणजे जुळ्यांची आई. आपल्याकडे 'गणूची आई' म्हणतात तसं इथे बाईला लेकरावरून हाक मारतात, आणि जगात जुळी मुलं सर्वांत जास्त जन्मतात ती योरुबा लोकांत, त्यामुळे गल्लोगल्ली कुणीतरी इया इबेजी असतेच. त्या मूळच्या अबेओकुटा शहरातल्या, योरुबांमधल्या एग्बा कुळातल्या. मी निळीचं कापड बघायला आले आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "कापड दाखवीन, पण आधी आमची इयालोदे बघ, म्हणजे कापड विकणारी बाई कोण असते ते कळेल."

इया म्हणजे आई, ओदे म्हणजे बाहेर. इयालोदे म्हणजे गावाच्या बाहेरच्या कारभाराची आई: बाजार, रस्ते, तंटे, लढाई. ती राजाची बायको किंवा आई असायची गरज नाही. हे पद रक्तानं मिळत नाही. जिच्यामागे बायका उभ्या राहतात आणि जिच्या तिजोरीवर गावाची भिस्त असते, तिला ते देतात. मग ती ओबाच्या म्हणजे राजाच्या सभेत सरदारांबरोबर बसते आणि बायकांच्या वतीनं बोलते.

बालोगुन बाजारापासून चालत गेलं की तिनुबू चौक लागतो. मध्ये कारंजं, कडेला मध्यवर्ती बँकेची इमारत, भोवती पिवळ्या डान्फो बसगाड्यांचा कल्ला. १९६०मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर या जागेला स्वातंत्र्य चौक म्हणू लागले होते, पण लोकांच्या तोंडी त्याआधीपासून बसलेलं नाव इता तिनुबू, तिनुबूचं अंगण. शेवटी तेच टिकलं. आजच्या राष्ट्राध्यक्षांचं आडनावही तिनुबू. त्यांच्या आई अबिबातू मोगाजी २०१३मध्ये गेल्या, तोवर त्या लागोसच्या 'इयालोजा' होत्या, म्हणजे बाजारातल्या सगळ्या बायकांच्या प्रमुख.

जिचं हे अंगण, ती एफुनरोये तिनुबू. जन्म १८१०च्या आसपास, एग्बा मुलखात. तरुणपणी ती किनाऱ्यावरच्या बदाग्रीला आली आणि तंबाखू, मीठ आणि माणसं यांच्या व्यापारात शिरली. लागोसचा पदच्युत राजा अदेले बदाग्रीत राहत होता. त्याच्याशी तिनं लग्न केलं, आणि त्याला गादी परत मिळाल्यावर ती त्याच्याबरोबर लागोसला आली. तो दोनच वर्षांत वारला. तिचं वजन मात्र वाढत गेलं. अकितोये गादीवर बसला त्यात तिचा हात होता. त्याला त्याचा प्रतिस्पर्धी कोसोकोनं हाकललं तेव्हा ती त्याच्याबरोबर परागंदा झाली, आणि १८५१मध्ये इंग्रजी आरमारानं लागोसवर तोफा डागून त्याला पुन्हा बसवलं तेव्हा तीही परतली. त्याच्यानंतर दोसुन्मू आला, तोही तिच्या सल्ल्यानं चाले. इंग्रज दूत (कॉन्सल) बेंजामिन कॅम्पबेलला हे खुपत होतं. १८५६मध्ये त्यानं राजाकरवी तिला शहराबाहेर काढलं. पाच वर्षांनी इंग्रजांनी लागोस आपल्या राज्याला जोडून टाकलं.

कारंज्याच्या कठड्यावर बसून इया इबेजींनी हे सगळं सांगितलं. 'माणसं' हा शब्द त्यांनी गाळला नाही. मीठ-तंबाखूच्या ओळीतच तो उच्चारला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "शनिवारी बदाग्रीला जायचंच. ते न बघता तू परत गेलीस, तर मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल."

दुसरा दिवस, मंगळवार. अबेओकुटा

लागोस ते इबादान ही नवी रेल्वे २०२१मध्ये सुरू झाली, १५७ किलोमीटर. वाटेत अबेओकुटाचं लादेरिन स्टेशन लागतं, त्याला नोबेल मिळवणारे लेखक वोले शोयिंका यांचं नाव दिलं आहे. ते याच गावचे. डबा थंडगार, खिडकीबाहेर केळी, पाम, लाल माती. पाऊस पडून गेला होता. कोकण रेल्वेत बसल्यासारखं वाटत राहिलं.

अबेओकुटा म्हणजे 'खडकाखाली'. योरुबा राज्यांच्या आपसांतल्या लढायांत एग्बांची गावं उद्ध्वस्त झाली, तेव्हा १८३०च्या सुमारास सोदेके नावाच्या पुढाऱ्याबरोबर ते ओलुमो खडकाच्या आश्रयाला आले. खडकात कोरलेल्या जुन्या पायऱ्यांनी आम्ही चढलो. मध्ये एक बुटकी कपार आहे, तिथे लढाईच्या दिवसांत कुटुंबं लपून राहत. कपारीत दाणे वाटायचे खळगे आहेत. मी एका खळग्यात हात घातला. गुळगुळीत, आपल्या जुन्या उखळासारखा. जीव मुठीत धरूनही कुणीतरी इथे रोज दाणे वाटले होते.

वरून सगळं शहर दिसतं: गंजानं तांबूस झालेली पत्र्याची छपरं, मधून वाहणारी ओगुन नदी. लागोसमधून काढलेली तिनुबू इथे आली. तिनं पुन्हा धंदा मांडला, पामतेल, मीठ, तंबाखू, आणि आता बंदुका व दारूगोळाही. १८६४मध्ये शेजारच्या दाहोमे राज्याचं सैन्य या शहरावर चालून आलं. त्या सैन्यात बायकांच्या पलटणी होत्या. तटबंदीच्या आत लढणाऱ्यांना शस्त्रं आणि दारूगोळा पुरवण्यात तिनुबू पुढे होती. दाहोमेचं सैन्य हरून परतलं, आणि एग्बांनी तिला साऱ्या एग्बांची इयालोदे केलं. आठ वर्षांपूर्वी जिला एका शहरातून काढलं होतं, तिला दुसऱ्या शहरानं सभेत बसवलं. १८८७मध्ये ती इथेच गेली आणि ओजोकोदो भागात तिला पुरलं.

उतरून आम्ही इता इयालोदे चौकात तिच्या पुतळ्यापाशी गेलो. मोटारसायकलवाले पुतळ्याला वळसा घालून जात होते. इया इबेजींनी गुडघे किंचित वाकवले. इथे थोरांपुढे बायका गुडघे टेकतात आणि पुरुष चक्क लोटांगण घालतात, आपल्या साष्टांग नमस्कारासारखं.

मी तिथे बराच वेळ उभी होते. माझी आजी मिरचीची व्यापारी. चाळीस वर्षं बाजारात तिचा शब्द चालला. तिनं भाव फोडल्याशिवाय बाकीचे तोंड उघडत नसत. पण गावच्या चावडीत काही निवाडा असला की ती पायरीखाली उभी राहायची. बोलायला काका जायचे, तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत बोलायचे, आणि मान त्यांना मिळायचा. बाजारातून उठून सभेत बसायची वाट आमच्याकडे तिला कुणी दाखवलीच नाही. इथे त्या वाटेला नाव होतं, पद होतं, आणि आजही आहे. बिसोये तेजुओशो या उद्योजिका एग्बांच्या इयालोदे होत्या. पुढे अलाबा लॉसन इयालोदे झाल्या. त्यांनी शाळा काढून सुरुवात केली आणि २०१७मध्ये त्या नायजेरियाच्या व्यापारी महामंडळाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०२३मध्ये त्या वारल्या.

रात्री जेवायला ओफादा तांदळाचा भात, पानात बांधलेला. दाणा जाड, वास उग्र, वर हिरव्या मिरचीचा झणझणीत रस्सा. बार्शीच्या माणसालाही घाम फुटला.

तिसरा दिवस, बुधवार. इतोकू बाजार

आजचा दिवस माझ्या कामाचा.

इतोकू हा आदिरेचा बाजार. आदि म्हणजे बांधणं, रे म्हणजे बुडवून रंगवणं. बोळाच्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत कापड लोंबतं आणि बाया त्यातूनच हाक मारतात. इया इबेजी मला आधी बाजारामागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे एक म्हातारी रंगारीण कोंबडीच्या पिसानं मांजरपाटावर खळ ओढत होती. खळ कसावा नावाच्या कंदाच्या पिठाची, शिजवून दाट केलेली. तिला इथे एको म्हणतात आणि या प्रकाराला आदिरे एलेको, म्हणजे खळीचं आदिरे. खळ लागलेली जागा पांढरी राहते, बाकी निळं होतं. कापड वाळवून रंगात बुडवायचं, वर काढून वाऱ्यावर धरायचं, पुन्हा बुडवायचं, आणि शेवटी खळ खरवडून काढायची. रंगातून काढलेलं कापड आधी हिरवट दिसतं आणि बघता बघता निळं होतं. वीस वर्षं हे बघते आहे, तरी आजही श्वास रोखला गेला.

"ए कू इशे," मी शिकलेलं वाक्य म्हणाले. काम करणाऱ्याला करायचा हा वेगळा नमस्कार. म्हातारी हसली आणि तिनं बसायला पाट दिला.

त्यांची नीळ आपल्यापेक्षा वेगळ्या झाडाची. एलू नावाची वेल, तिची कोवळी पानं कुटून गोळे करतात, वाळवतात, आणि राखेच्या निवळीत मातीच्या रांजणात आंबवतात. त्या अंगणात दोन रांजण होते, पण चालू होता तो प्लॅस्टिकचा पिंप. त्यात कारखान्यातली नीळ, कॉस्टिक सोडा आणि हायड्रो, म्हणजे नीळ पाण्यात उतरवणारी पूड. हायड्रो हा शब्द तिनं जसाच्या तसा उच्चारला. आमच्या रंगाऱ्यांचाही तोच शब्द. आम्ही दोघींनी एकमेकींची बोटं बघितली. नखांच्या कडेला तोच निळा.

या सोड्यावरून इथे मोठं भांडण झालं होतं. १९३०च्या दशकात माल खपेना, तेव्हा सोडा आणि कृत्रिम निळीमुळे कापड खराब होतं असं म्हणत अबेओकुटाच्या अलाकेनं, म्हणजे राजानं, दोन्हींवर बंदी घातली. पाम आणि कोकोच्या भावाबरोबर गिऱ्हाइकाची ऐपत बुडाली होती, आणि उपाय मात्र रंगारिणींवर चालला होता. त्या गप्प बसल्या नाहीत. वकील देऊन भांडल्या. पुढे दहा वर्षांनी बायकांवरच्या वेगळ्या कराविरुद्ध फुनमिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिकेच्या मागे याच बाजारातल्या बाया हजारोंनी उभ्या राहिल्या. १९४९च्या जानेवारीत अलाकेला गादी सोडावी लागली. दीड-दोन वर्षांनी तो परत आला खरा, पण बाजारानं राजा उठवला ही गोष्ट इतोकूत अजून अभिमानानं सांगतात.

मी नमुन्यांची नावं लिहून घेतली. 'इबादानदुन' म्हणजे इबादान गोड आहे; त्यात इबादानच्या मापो सभागृहाचे खांब काढतात आणि खांबांच्या मधे पळ्या. 'ओशुबांबा' म्हणजे मोठा चंद्र. एका कापडावर राजाराणीची चित्रं, पंचम जॉर्जच्या १९३५च्या रौप्यमहोत्सवापासून आलेला नमुना. राज्य गेलं, कापड राहिलं.

बाहेर बोळात आल्यावर दुखणंही दिसलं. अर्ध्या दुकानांत चीनमधून छापून आलेलं आदिरे, हुबेहूब तेच नमुने, निम्म्या भावात. उलटून बघितलं की कळतं: हाताचं कापड दोन्ही अंगांनी निळं असतं, छापलेलं मागून फिकट. पुण्यात मी हेच गिऱ्हाइकांना शिकवत असते. माझेच नमुने एका मोठ्या दुकानात छापील होऊन टांगलेले मी बघितले आहेत, त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते. दुकानदारणीला हे सांगितलं, तिनं माझा हात दाबला आणि दोन तुकड्यांवर भाव उतरवला.

पैसे देताना पर्समधून कवडी बाहेर पडली. तिनं ती लगेच ओळखली. कवडी इथलं जुनं चलन: चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळांचं एक 'डोकं', दहा डोकी म्हणजे एक पोतं, वीस हजार. आणि त्यांतल्या कितीतरी कवड्या मालदीवच्या, हिंदी महासागरातून जहाजांच्या पोटात भरून युरोपला आणि तिथून इथे आलेल्या. आमच्या भवानीच्या माळेतली आणि यांच्या गल्ल्यातली कवडी एकाच समुद्राची. तिनं ती क्षणभर आपल्या पैशांच्या डब्यात ठेवली, ओठांत काही पुटपुटली आणि मला परत दिली.

चौथा दिवस, गुरुवार. इबादान

पुन्हा रेल्वेनं इबादान. दुपारी अमाला खाल्ला. वाळवलेल्या सुरणासारख्या कंदाच्या पिठाचा काळपट मऊ गोळा, नाचणीच्या उकडीच्या जवळचा, त्यावर चवळीचं पिवळं गबेगिरी आणि हिरवं बुळबुळीत एवेदू. गबेगिरीत मला सरळ वरण सापडलं.

चॅलेंज भागातल्या चौकात एफुनशेतान अनिवुराचा पुतळा आहे. ही तिनुबूच्याच काळातली, मूळची एग्बा, इबादानची दुसरी इयालोदे. तंबाखू, शस्त्रं, 'किजिपा' नावाचं जाडंभरडं सुती कापड, आणि गुलाम. तिच्या शेतांवर दोन हजारांच्या घरात गुलाम राबत असं नोंदलेलं आहे. सरदारांना लढायांसाठी ती उधारीवर बंदुका देई. १८६०मध्ये तिची एकुलती मुलगी बाळंतपणात गेली. त्यानंतर ती आपल्या गुलामांशी फार क्रूर वागू लागली असं इथे सांगतात. पुढे लढाया आणि उधारी दोन्हींवरून इबादानचा मुख्य सरदार लातोसा याच्याशी तिचं बिनसलं. त्यानं तिचं पद काढून घेतलं, आणि १८७४च्या जून महिन्यात रात्री झोपेत तिला तिच्याच घरातल्या गुलामांकरवी मारवलं.

इया इबेजी म्हणाल्या, शाळेत मुलांना तिचा फक्त क्रूरपणा ठाऊक असतो. लातोसा किती क्रूर होता हे कुणी विचारत नाही. तोही गुलामांचा धनी, पण तो लढवय्या म्हणून लक्षात राहिला. मला हे पटलं. तरीही पुतळ्याकडे बघताना माझ्या डोळ्यांसमोर ते दोन हजार येत होते. त्यांचे पुतळे नाहीत, नावंही नाहीत. सभेतली जागा ज्या पैशानं मिळाली, तो पैसा त्यांच्या पाठीवरून आला होता. सोमवारपासून मी तिनुबूचं कौतुक उराशी धरून फिरत होते, ते आज रात्री नीट धरता येईना. झोप लागली नाही.

पाचवा दिवस, शुक्रवार. परत लागोस

संध्याकाळी लेक्कीतल्या नाइके आर्ट गॅलरीत गेलो. चार-पाच मजले, भिंतभर चित्रं, मण्यांची कामं, आदिरेचे पडदे. आठ हजारांच्या आसपास कलाकृती. ही उभी करणाऱ्या नाइके डेव्हिस-ओकुंदाये १९५१च्या, कोगी राज्यातल्या ओगिदी-इजुमू गावच्या. आई लहानपणीच गेली. विणकाम आणि नीळ घरातल्या म्हाताऱ्या बायांकडून शिकल्या. १९८३मध्ये ओसोग्बोला त्यांनी कलाकेंद्र काढलं आणि तिथे कितीतरी मुलामुलींना आदिरे शिकवलं. गावानं त्यांना येये ओबा, म्हणजे राजमाता, हे मानाचं पद दिलं आहे. इथेही तेच: आधी हातात कला, मग धंदा, मग धंद्याच्या जोरावर इतरांना उभं करणं, आणि त्यानंतर गावाचं पद. फक्त या हिशेबात विकलेलं माणूस नाही. कालच्या रात्रीनंतर मला हे बघायला मिळालं म्हणून मी कृतज्ञ आहे.

सहावा दिवस, शनिवार. बदाग्री

लागोसहून पश्चिमेला किनाऱ्यानं. रस्ता खराब, तीन तास लागले. बदाग्रीत आधी सेरिकी विल्यम्स अब्बास यांचा वाडा बघितला. लहानपणी पकडून ब्राझीलला विकलेला हा मुलगा मोठेपणी परत आला, स्वतः गुलामांचा व्यापारी झाला, आणि पुढे इंग्रजांच्या अमदानीत इथला प्रमुख. १९१९मध्ये तो वारला. वाड्यातल्या खोल्या लहान, एकच झरोका. मार्गदर्शक मुलगा सांगत होता: चाळीस खोल्या, एकेका खोलीत चाळीस माणसं, जहाज येईपर्यंत. एका छत्रीला चाळीस माणसं दिली जात. तो हे रोज सांगत असणार, तरी छत्रीपाशी आल्यावर त्याचा आवाज खाली गेला.

मग होडीनं खाडी ओलांडून ग्बेरेफू बेटावर. नारळाच्या झाडांतून वाळूची पायवाट, अर्धा तास. मध्ये एक विहीर. नेलेल्यांना तिचं पाणी पाजत, म्हणजे घर विसरतील अशी समजूत. वाळूत पाय रुतत होते. इया इबेजींचे गुडघे दुखतात, पण त्या थांबायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "तिनुबू याच गावातून मोठी झाली. इथे मला तिच्यासाठी चालायचं नाही, उरलेल्यांसाठी चालायचंय."

शेवटी दोन खांब आणि पलीकडे अटलांटिक. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मी पर्समधून कवडी काढली. बुधवारी ती पैशांच्या डब्यात ठेवली गेली तेव्हा मला आनंद झाला होता. याच किनाऱ्यावर अशाच कवड्या पोत्यांनी मोजून माणसं घेतली गेली.

ती पाण्यात टाकावी असं वाटलं. पण ती आजीची होती, आणि आजीनं ती मिरच्यांच्या पैशांवर ठेवली होती. इया इबेजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी कवडी माझ्या हातातून घेतली, समुद्राच्या पाण्यात धुतली, पदरासारख्या त्यांच्या निळ्या कापडाच्या टोकाला पुसली आणि परत माझ्या मुठीत ठेवली. मग आम्ही होडीकडे वळलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.